जुनं शेजारी ठेवा, मग नवं तपासा: केव्हीएममधले मेमरी रीजनचे बदल कसे वाचायचे

जळगावात रविवारी दुपारी आम्ही सात-आठ जण एकत्र बसतो. मुलं धुळ्याहून येतात, भुसावळहून येतात, एक जण शहाद्याहून सकाळची एसटी धरून येतो. काम एकच, लिनक्स कर्नलचा सोर्स ओळीओळीने वाचायचा. गेल्या काही महिन्यांत आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो केव्हीएममधल्या, म्हणजे कर्नलच्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या भागातल्या, एका फंक्शनवर. व्हर्च्युअल मशीनला दिलेल्या मेमरीत बदल करायची मागणी आली की ती मान्य करायची की परत पाठवायची, हे ते फंक्शन ठरवतं. ओळी दीडशेच्या आतबाहेर, पण त्यात एकही ओळ भरतीची नाही. जे शिकवताना जमलं आणि जिथे मुलं अडली, ते सगळं इथे क्रमाने लिहितो आहे.

एवढ्या छोट्या कामाला इतका वेळ का द्यायचा? केव्हीएम २००७ च्या फेब्रुवारीत २.६.२० आवृत्तीबरोबर कर्नलमध्ये आलं. त्यानंतर बरीच वर्षं, म्हणजे ३.० च्या आधीपर्यंत, या फंक्शनमध्ये एक तपासणी नव्हती: प्रोग्रामने दिलेला पत्ता प्रोग्रामच्याच हद्दीतला आहे की कर्नलच्या, हे कुणी बघत नव्हतं. साधा वापरकर्ता कर्नलचा पत्ता द्यायचा आणि आपल्या गेस्टमधून, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधून, कर्नलची मेमरी वाचू शकायचा. ही चूक सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०१३-१९४३ या क्रमांकाने नोंदली गेली आहे. एक अट नसल्यामुळे पूर्ण यंत्र उघडं पडत होतं. म्हणून इथे घाई नको.

लेखातली नावं देवनागरीत आहेत. सोर्समध्ये शोधताना तीच नावं इंग्रजी अक्षरांत, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर टाकून शोधा.

तयारी

लॅपटॉपच्या प्रोसेसरला व्हर्च्युअलायझेशनची सोय हवी. इंटेलवर तिला व्हीएमएक्स म्हणतात, एएमडीवर एसव्हीएम. सीपीयू-इन्फो फाइलमध्ये यांपैकी एक शब्द दिसला आणि डेव्ह फोल्डरात केव्हीएम नावाची फाइल असली की झालं. फाइल नसेल तर बहुतेक वेळा बायोसमध्ये ती सोय बंद असते, आमच्याकडे दोन जणांचं तसंच निघालं.

आपला बदललेला कर्नल रोजच्या वापराच्या लॅपटॉपवर बूट करू नका. एक व्हर्च्युअल मशीन उभं करा, नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (व्हर्च्युअल मशीनच्या आत व्हर्च्युअल मशीन) चालू आहे ना ते पाहा, आणि प्रयोगाचा कर्नल त्या मशीनच्या आत चालवा. कॉलेजचा प्रोजेक्ट त्याच डिस्कवर असताना फाइल सिस्टम बिघडली तर सेमिस्टर जातं.

सोर्समध्ये व्हर्ट फोल्डर, त्यात केव्हीएम, त्यात केव्हीएम मेन ही सी भाषेतली फाइल. फंक्शनचं नाव केव्हीएम सेट मेमरी रीजन. थोड्या जुन्या आवृत्तीत नावाच्या पुढे दोन अंडरस्कोर दिसतील, फंक्शन तेच.

आणि एक वही घ्या. खरंच घ्या. हे फंक्शन स्क्रीनवर वाचून डोक्यात बसत नाही, आकडे मांडले की बसतं.

अर्जात काय लिहिलेलं असतं

क्यूईएमयूसारखा व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम गेस्टला मेमरी देतो तेव्हा तो कर्नलकडे एक आयऑक्टल, म्हणजे एक मागणी, पाठवतो: केव्हीएम सेट यूजर मेमरी रीजन. हाच आपला अर्ज. त्यासोबत पाच आकडे जातात. स्लॉटचा क्रमांक, फ्लॅग (चालू-बंद बिटांच्या खुणा), गेस्टच्या नजरेतून या मेमरीची सुरुवात, तिची लांबी बाइटमध्ये, आणि ही मेमरी प्रोग्रामच्या स्वतःच्या हद्दीत जिथे आहे तो पत्ता.

माझे वडील भूमी अभिलेखात मोजणीदार होते. मी लहानपणी त्यांच्यामागे चोपडा-यावलच्या शिवारात हिंडलो आहे, म्हणून मला हा अर्ज पहिल्यांदा पाहिला तेव्हा सातबारा आठवला. स्लॉट म्हणजे गट नंबर. गेस्टमधली सुरुवात आणि लांबी म्हणजे जमीन कुठून कुठपर्यंत. आणि प्रोग्राममधला पत्ता म्हणजे त्या कागदामागची खरी जमीन.

आता या पाच आकड्यांत काय नाही ते बघा. "नवीन जोडा", "काढून टाका", "हलवा" असं कुठेही लिहिलेलं नाही. अर्जदार फक्त शेवटी काय असावं एवढंच सांगतो. तो नेमकं काय मागतो आहे हे कर्नलने जुनी नोंद काढून, नव्याशी ताडून ठरवायचं. गावात फेरफार लिहिताना नमुना सहाच्या नोंदीआधी चालू सातबारा समोर काढतात, अगदी तसंच. हे फंक्शन समजायला मुलांना जड जातं ते इथेच, कारण ती फक्त नव्या आकड्यांकडे बघत बसतात.

पहिली चाळण: आकडा एकटा बरोबर आहे का

जुन्या नोंदीकडे जायच्या आधी अर्जातला प्रत्येक आकडा स्वतःपुरता तपासला जातो. आधी फ्लॅग: माहीत नसलेला एकही बिट चढलेला असेल तर ई-इनव्हॅल, म्हणजे एरर २२. अनोळखी बिटकडे दुर्लक्ष करून पुढे गेलं तर उद्या त्या बिटला अर्थ देता येत नाही, कारण कुठला तरी प्रोग्राम तिथे कचरा पाठवत असतो आणि तो मोडतो.

मग पेजची, म्हणजे मेमरीच्या ठरावीक मापाच्या तुकड्याची, अट. एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर, पेज ४०९६ बाइटचं. सुरुवात, लांबी आणि प्रोग्राममधला पत्ता, तिन्ही ४०९६ च्या पटीत हवेत. तपासणी भागाकाराने होत नाही. आकड्याचा ४०९५ शी अँड करतात, ४०९५ म्हणजे बायनरीत बारा एके. शेवटच्या बारा बिटांत काहीही उरलं तर अर्ज परत. कारण प्रोसेसरचं टेबल पेजखाली उतरतच नाही, अर्धं पेज गेस्टला आणि अर्धं स्वतःला ठेवायची सोय हार्डवेअरमध्ये नाही.

प्रोग्राममधल्या पत्त्यावर आणखी एक अट आहे, ॲक्सेस ओके. वर सांगितलेली चूक हिच्या अभावानेच झाली होती. पत्त्यापासून लांबीपर्यंतचा सगळा पट्टा वापरकर्त्याच्या हद्दीत हवा. तिथेच वरती एक कॉमेंट आहे, तिचा अर्थ असा की पुढे गेस्टची मेमरी वाचताना आम्ही ही तपासणी पुन्हा करणार नाही. म्हणजे पुढचा सगळा कोड या एका अटीवर विसंबून आहे. कुठलीही तपासणी वाचताना हा प्रश्न विचारायची सवय लावा: या अटीच्या भरवशावर पुढे कोण झोपलं आहे?

मात्र तिचा अर्थ जास्त ताणू नका. पत्ता हद्दीत आहे एवढंच ती सांगते. त्या पत्त्यावर मेमरी खरोखर आहे की नाही, हे ती बघत नाही. रिकाम्या पत्त्यावर स्लॉट बनवता येतो, अर्ज मंजूर होतो, आणि गेस्टने तिथे हात लावला की रन करणारी आयऑक्टल एरर देते. पाचोऱ्याच्या एका मुलाने यावर दोन तास घातले आणि मग विचारलं, "आठे काय चुकनं, दादा?" त्याचा स्लॉट बरोबर होता. त्याचं एम-मॅप करायचं, म्हणजे त्या पत्त्यावर मेमरी मागून घ्यायचं, राहून गेलं होतं.

आता बेरजेचा सापळा. सुरुवात अधिक लांबी ही बेरीज ६४ बिटांत मावली नाही तर ती गोल फिरून छोटी होते. वहीत आठ बिटांचं उदाहरण मांडा: जास्तीत जास्त आकडा २५५. सुरुवात २५०, लांबी १०, बेरीज २६० यायला हवी, पण हातात येतं ४. ज्याने शेवट ४ धरला तो म्हणेल, शेवट लहान आहे, हद्दीत आहे. म्हणून कर्नल विचारतो: बेरीज सुरुवातीपेक्षा लहान आली का? ४ हे २५० पेक्षा लहान, अर्ज परत. सी भाषेत बिनचिन्हाच्या आकड्यांसाठी हीच रीत आहे, आणि ती पाठ असावी. चिन्ह असलेल्या आकड्यांवर ही रीत वापरू नका. तिथे बेरीज उतू जाणं हे भाषेच्या नियमाबाहेरचं आहे आणि कंपायलर तुमची अट सरळ उडवून देऊ शकतो.

स्लॉटच्या आकड्याचे दोन भाग असतात. खालचे १६ बिट स्लॉटचा क्रमांक, वरचे १६ बिट ॲड्रेस स्पेसचा क्रमांक. एक्स८६ वर सिस्टम मॅनेजमेंट मोडसाठी (फर्मवेअरच्या कामाचा वेगळा मोड) दुसरी ॲड्रेस स्पेस असते, म्हणून हा भाग. दोन्ही भाग मर्यादेशी ताडून बघतात, कारण ॲड्रेस स्पेसचा क्रमांक पुढे थेट ॲरेचा इंडेक्स होतो. स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटीनंतर नुसती "पेक्षा लहान" ही अट पुरत नाही, प्रोसेसर अंदाजाने पुढे धावतो. म्हणून त्या ठिकाणी ॲरे इंडेक्स नोस्पेक ही आवळणी दिसेल. एका व्हर्च्युअल मशीनला किती स्लॉट मिळतात हे आर्किटेक्चर आणि आवृत्तीनुसार बदलतं. एक्स८६ वर बरीच वर्षं ५०९ होते, नंतर वाढले. आपल्या प्रोग्राममध्ये आकडा कोरून ठेवू नका, केव्हीएम कॅप एनआर मेमस्लॉट्स विचारा.

लांबीवर वरची मर्यादाही आहे: २ चा ३१ वा घात वजा १ इतकी पेजेस. ४ केबीच्या पेजने साधारण ८ टीबी. ही मर्यादा मेमरीसाठी नाही, बिटमॅपसाठी आहे. पेजमागे एक बिट ठेवायचा तर बिटांवर काम करणारी काही फंक्शन्स याहून लांब बिटमॅप घेत नाहीत.

जुनी नोंद समोर काढा

इथून खरा गाभा. स्लॉट क्रमांकावरून जुनी नोंद काढली जाते आणि चारांपैकी एक निर्णय होतो.

लांबी शून्य असेल तर अर्ज काढून टाकायचा आहे. जुनी नोंदच नसेल तर ई-इनव्हॅल, नसलेलं काय काढणार. एक बारीक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही: लांबी शून्य असली तरी वरची सगळी चाळण आधी झालेली असते. काढायचाच आहे म्हणून बाकीच्या रकान्यांत कचरा भरला आणि सुरुवात पेजच्या पटीत नसली, तर डिलीटचा अर्जही परत येतो.

जुनी नोंद नाही आणि लांबी आहे, तर नवीन बनवणं. तेव्हा सगळ्या स्लॉटच्या पेजांची एकूण बेरीज उतू जात नाही ना, तेही पाहिलं जातं.

जुनी नोंद आहे आणि लांबीही आहे, तर दुरुस्ती. दुरुस्तीत तीन गोष्टींना हात लावता येत नाही: प्रोग्राममधला पत्ता, पेजांची संख्या, आणि फक्त-वाचनाचा फ्लॅग. यातलं काहीही बदललं की ई-इनव्हॅल. उरलं काय? गेस्टमधली सुरुवात बदलली असेल तर हलवणं. सुरुवात तीच आणि फ्लॅग वेगळा असेल तर फक्त फ्लॅगबदल. काहीच बदललं नसेल तर शून्य परत, म्हणजे यश, कामाशिवाय. लिनक्स ६.८ मध्ये गेस्ट मेमएफडीचे खाजगी स्लॉट आले, त्यांची दुरुस्ती तर होतच नाही, ते फक्त काढता येतात.

लांबी का बदलू देत नाहीत, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. पूर्वीच्या नोकरीत मी एका अंतर्गत मॉड्यूलसाठी असंच तपासणीचं फंक्शन लिहिलं होतं. नवीन लांबी पेजच्या पटीत आहे, बेरीज उतू जात नाही, दुसऱ्या पट्ट्यावर चढत नाही, सगळं पाहिलं. जुन्या लांबीशी ताडलं नाही. तेव्हा कुणीतरी डर्टी लॉगिंग (कोणत्या पेजवर लिहिलं गेलं याची नोंद) चालू असलेला पट्टा मोठा केला. बिटमॅप जुन्या लांबीचा होता. १ जीबीची २,६२,१४४ पेजेस, तितकेच बिट, म्हणजे ३२ केबी. नव्या पेजांचे बिट त्या ३२ केबीच्या पलीकडे दुसऱ्याच कुणाच्या मेमरीत लिहिले जाऊ लागले. मशीन लगेच पडलं नाही, कधीमधी भलत्याच ठिकाणी पडायचं. केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारी कर्नलची सोय) चालू करून कर्नल बांधला तेव्हा कुठे बोट ठेवता आलं. नवा अर्ज स्वतःपुरता निर्दोष होता. चूक जुन्या आणि नव्याच्या मध्ये होती.

क्यूईएमयूच्या कोडमध्येही याचा माग दिसतो. फक्त-वाचनाचा फ्लॅग बदलायचा असला की तो आधी त्याच स्लॉटची लांबी शून्य करून पाठवतो, मग नव्याने बनवतो. दोन अर्ज, कारण एकात कर्नल घेणार नाही.

हद्दीचा वाद

नवीन बनवताना आणि हलवताना गेस्टच्या पत्त्यांत दुसऱ्या स्लॉटवर चढाई होत नाही ना, हे बघतात. झाली तर ई-एक्झिस्ट, एरर १७. फ्लॅग बदलताना हे बघायची गरज नाही, जागा तीच राहते.

वडील सांगायचे, बांधावर भांडण होतं ते बांध कुणाच्या मापात धरला यावरून. इथेही तेच. कर्नल पट्टा असा मोजतो: सुरुवातीचं पेज धरून, सुरुवात अधिक लांबी या बेरजेवरचं पेज सोडून. वहीत हे मांडा. स्लॉट ० पेज ० पासून २,६२,१४४ पेजेस, म्हणजे पहिला जीबी. स्लॉट १ पेज १०,४८,५७६ पासून, म्हणजे ४ जीबीच्या खुणेपासून, तोही १ जीबीचा. आता एकेक अर्ज स्वतंत्रपणे सोडवा, दरवेळी सुरुवात याच स्थितीतून.

स्लॉट २, सुरुवात २,६२,१४४, लांबी २५६ पेजेस. स्लॉट ० चं शेवटचं पेज २,६२,१४३ आहे, त्यामुळे हा नुसता बांधाला लागून आहे. मंजूर. हाच अर्ज २,६२,१४३ पासून, एका पेजचा. ते पेज स्लॉट ० चं आहे, ई-एक्झिस्ट. स्लॉट १, सुरुवात तीच, पेजेस दुप्पट. ई-इनव्हॅल, आणि दुप्पट पट्टा कुणावर चढतो का हे बघायची वेळच येत नाही. स्लॉट १, बाकी सगळं तेच, सुरुवात १०,४८,५७७. हा हलवण्याचा अर्ज. नवी जागा त्याच्याच जुन्या जागेवर जवळजवळ पूर्ण चढते, तरी मंजूर, कारण चढाई बघताना स्वतःचा स्लॉट क्रमांक वगळलेला असतो. चोपड्याच्या एका मुलीने विचारलं, वगळला नसता तर? तर एका पेजनेही काही हलवता आलं नसतं. स्लॉट ७, लांबी शून्य. ई-इनव्हॅल. स्लॉट ०, सुरुवात १०,४८,०००, बाकी तेच. स्लॉट १ वर चढाई, ई-एक्झिस्ट.

ही उत्तरं झाकून पुन्हा एकदा सोडवा. सहाही जमले की फंक्शन अर्धं तुमचं झालं.

दोन गोष्टी जोडून सांगतो. चढाई एकाच ॲड्रेस स्पेसमध्ये बघतात, वेगवेगळ्या ॲड्रेस स्पेसमधले पट्टे एकमेकांवर असले तरी चालतात. आणि प्रोग्राममधल्या पत्त्यांच्या चढाईला मनाई नाही. दोन वेगळे स्लॉट एकाच खऱ्या मेमरीकडे बोट दाखवू शकतात. मेहनतीने याविरुद्ध "दुरुस्ती" लिहायला बसू नका, तो दोष नाही.

आर्किटेक्चरचं म्हणणं

सर्वांना लागू असलेल्या अटी संपल्या की प्रत्येक आर्किटेक्चरचं स्वतःचं फंक्शन बोलावलं जातं: केव्हीएम आर्च प्रिपेअर मेमरी रीजन. इथे त्या हार्डवेअरची मर्यादा तपासतात. शिकायला एक छान जागा आहे. एक्स८६ चा कोड सुरुवात अधिक पेजसंख्या वजा १ हा आकडा जास्तीत जास्त पेज क्रमांकापेक्षा मोठा आहे का ते विचारतो. एआरएम६४ चा कोड वजा १ न करता, बेरीज एकूण पेजसंख्येपेक्षा मोठी आहे का ते विचारतो. दोन्ही बरोबर आहेत. एकीकडे मर्यादा म्हणजे शेवटचं चालणारं पेज, दुसरीकडे मर्यादा म्हणजे एकूण किती. एकाची अट उचलून दुसरीकडे चिकटवली तर एका पेजची चूक होते. एआरएमवर गेस्टची हद्द सांगितली नसेल तर ४० बिटांची, म्हणजे १ टीबी, आणि तिच्याबाहेर गेलात तर एररही वेगळी, ई-फॉल्ट. डिव्हाइसच्या मेमरीवर डर्टी लॉगिंग मागितलं तर एआरएम तेही नाकारतो.

पाट बंद केला तरी चारीत पाणी असतं

साक्री तालुक्यात पांझरेवरचे फड बंधारे पाहिले असतील त्यांना हा भाग लगेच कळेल. पाटकऱ्याने एका फडाचं पाणी तोडलं म्हणून तो फड त्याच क्षणी कोरडा होत नाही. चारीत उतरलेलं पाणी वाहून जाईपर्यंत थांबावं लागतं, मगच बांध फोडायचा.

स्लॉट काढताना किंवा हलवताना तसंच होतं. गेस्टचे व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) त्याच क्षणी जुनी यादी वाचत असतात, आणि ते लॉक न घेता वाचतात. म्हणून कर्नल आधी जुन्या स्लॉटची "अवैध" असा शिक्का मारलेली प्रत यादीत बसवतो, एसआरसीयू या कर्नलच्या सोयीने सगळे जुने वाचक बाहेर पडेपर्यंत थांबतो, मग त्या स्लॉटची प्रोसेसर टेबलातली नोंद पुसतो, आणि त्यानंतरच पुढे जातो. या मधल्या वेळात एक्स८६ वर एखादा व्हीसीपीयू त्या स्लॉटला धडकला तर त्याला पुन्हा प्रयत्न करायला लावतात.

तपासणीच्या बाजूने इथे दोन गोष्टी बघा. एक, जुनी नोंद काढल्यापासून नवी बसेपर्यंत स्लॉट्स लॉक धरलेलं आहे. ते नसतं तर आपण जिच्याशी ताडलं ती जुनी नोंद मधल्यामध्ये दुसऱ्या थ्रेडने बदलली असती. अर्जसुद्धा एकदाच कर्नलमध्ये कॉपी करून घेतात आणि त्या प्रतीवरच सगळं करतात. तपासताना एकदा आणि वापरताना पुन्हा असं दोनदा प्रोग्रामकडून वाचलं, तर मधल्या वेळात प्रोग्राम आकडा बदलू शकतो.

दुसरी गोष्ट, आर्किटेक्चरची तपासणी अवैध शिक्का मारल्यानंतर होते. ती नापास झाली तर जुना स्लॉट जसाच्या तसा परत यादीत बसवावा लागतो, आणि तो परतीचा रस्ता कोडमध्ये आहे. तो नीट वाचा. नुसतं एरर परत दिलं आणि जुनं परत बसवलं नाही, तर अर्ज फेटाळलाही आणि जमीनही गेली. स्लॉट हलवण्याच्या रस्त्यावर जुन्या चुका झालेल्या आहेत: सीव्हीई-२०१३-४५९२ ही ३.९ च्या आधीच्या कर्नलमधली मेमरी गळती याच फंक्शनमधली, स्लॉट हलवताना होणारी.

चालवून बघणं

टूल्स फोल्डरात टेस्टिंग, त्यात सेल्फटेस्ट्स, त्यात केव्हीएम. तिथली सेट मेमरी रीजन टेस्ट ही फाइल आधी वाचा, मग चालवा. जास्तीत जास्त स्लॉट भरणं, चालत्या गेस्टखालून स्लॉट हलवणं आणि काढणं, चुकीचे फ्लॅग पाठवणं, हे सगळं त्यात आहे. वहीतले सहा अर्ज त्याच धाटणीने कोडमध्ये लिहा. टेस्टमध्ये "एरर आली" एवढंच तपासू नका, नेमकी कोणती आली ते तपासा. १७ च्या जागी २२ आली तर तुमचा अर्ज भलत्याच अटीवर अडकला आहे, आणि जी अट तपासायची होती तिच्यापर्यंत पोचलाच नाही.

कर्नल बांधताना केसॅन, मेमरी गळती शोधणारं केमेमलीक आणि लॉकच्या चुका शोधणारं लॉकडेप चालू ठेवा. मशीन हळू होतं, होऊ द्या.

स्वतःची अट घालायची असेल तर

एखादी तपासणी राहिली आहे असं वाटलं, तर आधी ती आधीच्या एखाद्या अटीत झाकली गेली नाही ना ते पाहा. मग ती चाळणीच्या भागात बसते की जुन्या-नव्याच्या तुलनेत, हे ठरवा. अवैध शिक्का मारायच्या आधी तपासता येत असेल तर आधीच तपासा, परतीचा रस्ता लागणारच नाही. सगळ्या आर्किटेक्चरना लागू नसेल तर सामायिक फंक्शनमध्ये टाकू नका.

चालू असलेल्या एररचा आकडा बदलू नका, तो कितीही विसंगत वाटला तरी. बाहेरचे प्रोग्राम त्या आकड्यावर चालतात. कर्नलचा नियम पक्का आहे, वापरकर्त्याचा चालता प्रोग्राम मोडायचा नाही. आजवर मंजूर होणारा अर्ज तुमच्या अटीने परत जाणार असेल, तर असा अर्ज कोण पाठवतं ते आधी शोधा आणि पॅचच्या वर्णनात लिहा. ६.६ मध्ये एक्स८६ वर असंच झालं: बाहेरून कुणी पेजवर नजर ठेवून असेल, म्हणजे इंटेलचं ग्राफिक्स वाटून देणारं केव्हीएमजीटी जोडलेलं असेल, तर स्लॉट हलवायची मागणी नाकारायला सुरुवात केली. सगळ्यांसाठी हलवणं बंद केलं नाही, जिथे ते बरोबर चालणं शक्य नव्हतं तेवढ्यापुरतंच अडवलं.

पॅच पाठवायच्या आधी कर्नल सोर्समधली चेकपॅच ही पॅच तपासणारी स्क्रिप्ट चालवा, गेट मेंटेनर ही दुसरी स्क्रिप्ट चालवून कुणाला पाठवायचं ते काढा, आणि पॅचसोबत टेस्ट द्या. ती टेस्ट तुमच्या पॅचशिवाय नापास आणि पॅचसह पास होते, हे दोन्ही कर्नलवर चालवून बघितलेलं असू द्या. आमच्यातल्या शहाद्याच्या मुलाची पहिली टेस्ट दोन्हीकडे पास होत होती. अर्जातला पत्ता पेजच्या पटीत नसल्यामुळे तो पहिल्या चाळणीतच परत येत होता. त्याने पत्ता ४०९६ च्या पटीत आणला, टेस्ट जुन्या कर्नलवर नापास झाली, आणि त्या संध्याकाळी तो शेवटच्या एसटीने शहाद्याला परत गेला.